फोटोंचं डाएट

मी पुण्यात वेबसाइट्स करते. आई फुलसावंगीला, यवतमाळ जिल्ह्यात. लेक नेमकं करते काय, हे तिला कळतं ते मोबाइलवरच, तेही नेटवर्कच्या मर्जीने. म्हणून माझे फोटो कायम डाएटवर! ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्याच प्रमाणात १००० वर आणला, की पिक्सेल सोळाव्या हिश्श्यावर येतात. फोटोसाठी जेपेग, लोगोसाठी पीएनजी. आणि गुगलने २०१० मध्ये आणलेलं वेबपी दोन्ही कामं बहुतेकदा कमी वजनात करतं. क्वालिटी शंभरवरून ऐंशीवर आणा, फरक सहसा डोळ्यांना कळतही नाही. “तुह्यं पान लवकर उघडलं वं!” आई परवा म्हणाली. क्लायंटच्या ‘वॉव’पेक्षा मला हे भारी वाटतं. कारण ऑफिसच्या वायफायवर काय, सगळंच सुंदर दिसतं हो!