रस्त्याचे घरकाम : सेवाग्रामच्या वाटेवर

वर्ध्याला लग्नकार्याला गेले, की परतताना सेवाग्राम पाहून यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. यंदा आम्हीही गेलो. बरोबर माझी भाची होती, म्हणून आश्रमाइतकाच आश्रमाकडे जाणारा रस्ताही नीट पाहायला मिळाला. ही भाची विदर्भातल्याच एका महामार्गाच्या कामावर पर्यावरण अधिकारी आहे. ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या सासूबाईंनी विचारले होते, "रस्त्याच्या कामावर पर्यावरणाचं काय गं काम?" खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते.

नागपूरहून वर्धा साधारण ७५ किलोमीटर, आणि वर्धा गावातून आश्रम ८ किलोमीटर. रिक्षा मिळते, बस मिळते. हाच रस्ता रुंद करायचा म्हणून २०२० साली कडेची जुनी झाडे तोडायला सुरुवात झाली. गांधीजींच्या काळातली झाडे म्हणून वर्धेकरांना त्यांची फार माया. लोक रस्त्यावर आले, विरोध झाला आणि तेव्हा तोड थांबवावी लागली. विदर्भातला मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना रस्त्याकडेच्या कडुनिंबाची किंमत वेगळी सांगायला नको. एका झाडाऐवजी पाच लावू, असे म्हणणे सोपे असते. पण आज लावलेल्या रोपाखाली बसायला सावली होईपर्यंत आपल्या सुना सासवा झालेल्या असतात!

मी भाचीला म्हटले, "अगं, तुझ्यासारखं कुणी इथे नव्हतं का?"

"नाही ना, मावशी. मोठ्या महामार्गाला केंद्राच्या नियमाप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्या पत्रात अटी असतात, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघायला आम्ही असतो. असल्या लहान रस्त्याला ती मंजुरीच लागत नाही. इथे लोकांनीच पहारा ठेवायचा."

बोलत बोलत आश्रम आला. आत शिरताच आवाज खाली येतो, पायाखाली माती लागते. ३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, गांधीजी इथे राहायला आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव पडले. घर बांधायचे तर इथल्याच मातीचे, बांबूचे, इथल्याच माणसांच्या हातचे आणि ५०० रुपयांच्या आत, अशी त्यांची अट. पहिले घर आदिनिवास तसेच उभे राहिले. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतून उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आवर्जून पाहा. गांधीजींनी लावलेला पिंपळही आवारात आहे.

मला मात्र सर्वांत आवडला तो साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि त्याच्याजवळचा पिंजरा. साप निघाला की मारायचा नाही, चिमट्यात धरायचा आणि दूर नेऊन सोडायचा. भाची त्या चिमट्यापुढे बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "आमचंही हेच काम, फक्त वाघांसाठी."

मला आधी थट्टाच वाटली. पण नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून घेऊन खालून जनावरांना जायला ९ ठिकाणी वाटा ठेवल्या आहेत. त्यातली सर्वांत लांब वाट ७५० मीटरची. वरून ट्रक जातात, खालून चितळ, रानडुक्कर आणि खरोखरीच वाघसुद्धा! भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावून त्यांचे फोटो मिळवले आहेत. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी अशा वाटा केल्या आहेत. हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला.

दुपारी एका झाडाखाली डबा सोडला, तेव्हा मी तिला रोजचे काम विचारले. ते ऐकून वाटले, हे तर आपलेच घरकाम! सकाळी कच्च्या रस्त्यावर पाणी मारले का ते बघायचे, नाहीतर धूळ घराघरांत. रस्त्यासाठी जमीन खोदण्याआधी वरची सुपीक काळी माती वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी ती उतारांवर पसरायची, म्हणजे गवत धरते. मुरूम नाल्यात पडून पाणी अडता कामा नये. डांबराचा प्लांट वस्तीपासून लांब हवा. मजुरांच्या वस्तीत गॅस आणि संडास हवेत; चूल पेटवायला लाकूड तोडावे लागू नये. हवेचे आणि आवाजाचे मोजमाप घ्यायचे. बारीक धूळ २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर नको. वस्तीत आवाज दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या आत हवा. हे सगळे लिहून दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचा.

"आणि लिहिलेलं खरं असतं का?" मी विचारले.

तिने पोळीचा घास तसाच हातात धरला. मग सांगितले. गेल्या उन्हाळ्यात तिच्या कामाजवळच्या एका वस्तीतल्या बायका तिच्याकडे आल्या. वाळत घातलेल्या कुरडयांवर धूळ बसत होती, लेकरे खोकत होती. नोंदवहीत टँकरच्या चार फेऱ्या लिहिलेल्या. बायका म्हणाल्या, एकच येते. ही दोन दिवस स्वतः वस्तीत जाऊन बसली. फेरी एकच! तिसऱ्या दिवशी वही सहीला आली, तेव्हा तिने चार खोडून एक लिहिले आणि सही केली. वरचे साहेब रागावले, आठवडाभर कुणी धड बोलले नाही. पण टँकर वेळेवर येऊ लागला. तिची नोकरी कंत्राटी. मुदत मार्चअखेर संपते. वाढवतील की नाही, तिला सांगता येत नाही. घरी कर्जाचा हप्ता आहे, मुलगी बालवाडीत आहे.

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्या कुरडया खाणारी लेकरं कुणाचीतरी आहेतच ना. सही खरीच कर."

मैत्रिणींनो, हे सगळे लिहिले ते एवढ्यासाठी, की रस्ते आता सगळीकडे होत आहेत आणि घर सांभाळणारीला धूळ सर्वांआधी दिसते. महामार्गाच्या मंजुरीचे पत्र गावच्या पंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे आलेले असते. ते मागून वाचावे. त्यातली पाणी मारण्याची अट दाखवली, की कंत्राटदाराच्या माणसाला उडवून लावता येत नाही. जनसुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात येते. तिथे चार जणी मिळून जावे आणि आपले म्हणणे लिहून घ्यायला लावावे. शहरात ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून कायद्याने वारसा वृक्षाचा मान आहे. झाडावर नोटीस दिसली तर हरकतीची मुदत आधी बघावी. ती थोड्याच दिवसांची असते. आणि सेवाग्रामसारखा लहान रस्ता असेल, तर कुणी अधिकारी येईल म्हणून थांबू नये.

सेवाग्रामला जायचे तर हिवाळ्यात जावे. पाण्याची बाटली घरूनच न्यावी. मुले बरोबर असतील तर त्यांना तो सापाचा चिमटा जरूर दाखवावा. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबावे; उघड्या आकाशाखाली बसून होते, फार शांत वाटते. दुसरा दिवस हाताशी असेल तर धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रमही होतो. जाताना मात्र बसच्या खिडकीशी बसा आणि रस्त्याच्या कडेला कुठे सावली आहे, कुठे नाही, ते बघत जा.