कार्ड सरकारचे, धास्तीही सरकारचीच

२००९ सालची गोष्ट. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या सुधारणेवरून रान पेटले होते. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या एका सभेत एका वयस्कर गृहस्थांनी आपल्या खासदाराला बजावले, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये! मेडिकेअर ही तर सरकारचीच योजना. खासदारांनी समजावून पाहिले, पण गृहस्थ ऐकेनात.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका मराठी आजोबांनी हा किस्सा वाचला आणि ते बुचकळ्यात पडले. त्यांना तो नुसता हसण्यावारी नेता येईना. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. वय चव्वेचाळीस. नोकरीला कंटाळलेला, पण सोडत नाही. विचारले की एकच उत्तर, "बाबा, नोकरी गेली की विमा गेला." नातवाला दमा आहे.

विमा आणि नोकरी यांची ही गाठ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. मग माणसे टिकवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला. पुढे त्यावर करसवलत मिळाली आणि तीच रीत झाली.

१९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. योजना बारगळली. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले. सही करायला ते मुद्दाम ट्रूमन यांच्या गावी गेले. क्लिंटन यांची योजना १९९४ मध्ये फसली. ओबामांचा कायदा २३ मार्च २०१० रोजी झाला. जुन्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारणे त्याने थांबवले. २०१७ मध्ये तो मोडीत काढण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी हुकला.

म्हणजे दम्यासाठी नातवाला आता कोणी दारातून परत पाठवू शकत नाही. पण विमा स्वतः घ्यायचा तर हप्ता जड. त्यावरच्या वाढीव अनुदानाच्या वादात २०२५ मध्ये अमेरिकेचे सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प होते. वर्षअखेर ते अनुदान संपले.

हे सारे मुलाकडून समजून घेतल्यावर आजोबांना त्या गृहस्थांची धास्ती थोडी उमगली. तिथे सर्वांना एकदम काही मिळालेच नाही. कुणाला मालकाकडून, कुणाला वयामुळे, कुणाला गरिबीमुळे. ज्याच्या पानात पडले आहे, त्याला पंगत वाढली की आपल्या पानातले कमी होईल असे वाटते.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्ड मिळू लागले. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार होतात. आजोबांनीही ते काढले. शेजारच्या काकूंनी सहज विचारले, "पेन्शनवाल्यांना कशाला हो हे?" आजोबांना राग आला. आपले कार्ड कोणी काढून घेणार की काय, हा विचार पहिला मनात आला आणि मग त्यांचे त्यांनाच हसू आले.

रक्तदाबाच्या गोळ्या मात्र ते खिशातूनच घेतात. आणि मुलाला मेडिकेअर मिळायला अजून एकवीस वर्षे आहेत.