मावळ्याला खाली उतरवताना

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात येणारे प्लास्टरचे घोडे सगळे एकाच लढाईला निघालेले असतात. पुढचा एक पाय उचललेला, तोंड उघडं, अंग चुन्यासारखं पांढरं, नाकपुड्या लाल. पाठीवर तलवार उपसलेला मावळा. असे घोडे आणायचे, मावळ्याला खाली उतरवायचं आणि घोडा नव्याने घडवून रंगवायचा, हा माझा छंद. अमेरिकेत ब्रेयर कंपनीचे घोडे १९५० पासून निघतात आणि ते कापून-वाकवून रंगवणाऱ्यांचा तिकडे मोठा पंथच आहे. त्यांचं प्लास्टिक गरम केलं की वाकतं. आपलं प्लास्टर मोडतं. त्यामुळे इथे मान खाली करायची तर हॅकसॉच्या पात्याने ती सरळ कापायची, आत तार घालायची आणि सांधा एम-सीलने भरून काढायचा. तार पितळेची किंवा तांब्याची. आमच्या अलिबागच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी तार प्लास्टरच्या आत गंजते आणि तांबूस डाग वरच्या रंगातून फुटून येतो. पावसाळ्यात तर रंगाला हातच लावू नये. ऑक्टोबरचं ऊन आलं, प्लास्टर खडखडीत वाळलं, की पातळ फेव्हिकॉलचा हात मारून मग सुरुवात.

पांढऱ्या घोड्याचं मला वावडं नाही, पण तो नीट पांढरा हवा. बहुतेक पांढरे घोडे जन्मतः गडद रंगाचे असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. केसांखालची कातडी काळीच राहते. म्हणून नाकाशी, डोळ्यांभोवती करडी झाक ठेवावी लागते. कुमैत रंगवणं त्याहून मजेचं: अंग तांबूस, आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे. पंचकल्याणी करायचा तर चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. पांढऱ्या पायाचा खूरही बहुधा फिकट असतो, हे बाजारच्या रंगाऱ्याला कोणी सांगत नाही.

डोळ्यांची गोष्ट वेगळी. आमच्या भागातल्या हातांना गणपतीच्या आखणीचं वळण आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मूर्तीचा डोळा भक्ताकडे बघेल असाच आखला जातो, आणि तो आखणाऱ्याचा मान वेगळा असतो. घोड्याचा डोळा असा आखला की घोडा माणसासारखा वटारून बघतो. त्याची बाहुली आडवी, डोळा जवळजवळ सगळाच गडद तपकिरी, पांढरं क्वचितच दिसतं. तो दोन्ही बाजूंना बघत असतो, तुमच्याकडे नाही.

हे सगळं पाहायला दूर जावं लागत नाही. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून घोडागाड्या कुलाबा किल्ल्याकडे जातात. पाण्यातून परतलेल्या घोड्याचे पाय जिथवर भिजलेत तिथवर एक छटा गडद दिसतात. मी टक लावून बघत होतो तेव्हा एका गाडीवानाने विचारलं, "काय हो, विकत घ्यायचाय का?" रंगवायचाय म्हटल्यावर त्याने घोडा जरा आडवा उभा करून दिला.

घोडा म्हटला की त्याला सांभाळणारी माणसंही आली. शिवकालीन घोडदळात पंचवीस बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागे, कातडी पखालीतून पाणी वाहणारा एक पखालजी आणि घोड्यांना नाल ठोकणारा एक नालबंद असे. दिवाळीच्या किल्ल्यावर तोफा असतात, पहारेकरी असतात, हल्ली वाघही असतो. नालबंद मात्र मी कुठे पाहिला नाही. आणि गंमत अशी, की साच्यातला तो लढाऊ पाय नालबंदाला हवा तसाच दुमडलेला असतो. तोंड मिटवलं, मान उतरवली, ताणलेले कान सैल सोडले आणि पायाशी हातोडी घेतलेला माणूस बसवला, की घोडा रणातून पागेत येतो. त्या माणसासाठी मी उतरवलेला मावळाच वापरतो. तलवारीच्या जागी हातोडी, अंगरख्याचा भडक भगवा पुसून मळकट पांढरा. शेजारच्या मुलाला तो फारसा पटला नाही. "मग लढाईला कोण जाणार?" त्याने नालबंदाला दिंडीदरवाजाबाहेर ठेवलं. जागा चुकीची नव्हती.

पखालजी मात्र अजून जमायचा आहे. भिजलेल्या कातड्याची चकाकी मॅट वॉर्निशखाली मरते, आणि ग्लॉस मारला तर पखाल थेट प्लास्टिकची दिसते.