पेंडीची पिशवी

आमचे घर रस्त्याच्या अलीकडे आणि गोठा पलीकडे. पूर्वी या रस्त्याने दिवसातून चार एस.टी. गाड्या जात. आता तो चौपदरी झाला आहे. माझे वडील अण्णा ७८ वर्षांचे आहेत, पण पहाटेची धार आजही तेच काढतात.

गेल्या पौषातली गोष्ट. काळी घोंगडी पांघरून अण्णा पुढे निघाले होते, मी चार पावले मागे. दूरवर दिवे दिसले. “लई लांब हाय,” म्हणत ते रस्त्यात उतरले. निम्म्यात गेले आणि ट्रक अंगावर आला. मी घाबरून ओरडलो, तर ते जागीच थबकले! ट्रक करकचून थांबला. अण्णांच्या हातातली काठी दूर पडली. ड्रायव्हर थरथरत म्हणाला, “बाबा, तुम्ही दिसलाच नाहीत हो.”

मी मात्र अण्णांनाच नाही नाही ते बोललो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी मनगटावरचे घड्याळ बघत राहिलो. एका बाजूचे डांबर सुमारे ७ मीटर. मला ५ सेकंद लागले, अण्णांना १०. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी १० सेकंदांत सुमारे २२० मीटर येते, म्हणजे फर्लांगाहून जास्तच! अण्णांचा अंदाज होता तो जुन्या एस.टी.च्या चालीचा. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. दिवा दिसतो, पण तो किती वेगाने येतोय ते उमगत नाही. मग चूक एकट्या त्यांची कशी म्हणावी?

आता घोंगडीवरून पांढरे उपरणे असते. ट्रॉलीला लावतो तसली रेडियमची पट्टी काठीलाही चिकटवली आहे. एक बाजू ओलांडली की दुभाजकापाशी थांबायचे, दुसरीकडे पाहायचे, मग पाऊल टाकायचे. थांबलेल्या गाडीच्या पुढून किंवा मागून एकदम निघायचे नाही. तुमच्याकडे पुलाखालून वाट असेल, तर थोडा वळसा पडला तरी तीच धरा. आणि म्हातारे माणूस रस्त्याच्या मध्यावर असताना मागून हाक मारू नका. ते थांबते किंवा उलटे फिरते.

राहिला प्रश्न सोबतीचा. हात धरला की अण्णा झिडकारतात. जन्मभर ज्यांनी नांगर धरला, त्यांना लेकराने धरून नेलेले कसे रुचेल? म्हणून मी पेंडीची पिशवी पुढे करतो. म्हणतो, “अण्णा, जड झालीय, जरा हात लावा.” एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या. त्यांच्या चालीने आम्ही दोघे पलीकडे जातो.

परवा पिशवीत जेमतेम दोन किलो पेंड होती. अण्णांनी एकवार पिशवीकडे पाहिले, एकवार माझ्याकडे. काही बोलले नाहीत. बंद मात्र घट्ट धरला.

मंडळी, तुमच्याही घरी असे कोणी असेल. उद्या पहाटे त्यांच्याबरोबर एक पिशवी उचला.