बादलीभर जुराँग

शाळेतल्या मातीकामाच्या वर्गात माती येते ती प्लास्टिकच्या पिशवीतून. मऊ, एकसारखी, औषधालाही खडा नाही. "टीचर, ही कुठली माती?" एका मुलीने विचारलं. पिशवीवरचं परदेशी नाव वाचून दाखवताना मला वाईट वाटलं. माझं लहानपण पेणचं. शाडू म्हणजे आमच्या गावची माती, असंच मी धरून चालले होते. तो गुजरातेतून येतो हे फार उशिरा कळलं. या मुलांच्या हाताला तरी पायाखालची माती लागावी, असं मनाने घेतलं.

सिंगापुरात वाटेल तिथे कुदळ मारता येत नाही. ओळखीच्या दोन बांधकामांवर रीतसर विचारून दोन बादल्या मिळाल्या. एक कलांगची, करडी, लोण्यासारखी, खाडीचा वास असलेली. दुसरी जुराँगची, पिवळट, पांढऱ्या शिरांची, हट्टी. वळी करून बोटाभोवती गुंडाळली, तर कलांगची गोगलगायीसारखी वळली आणि जुराँगची तडकली. मुलांनी तिथेच निकाल लावला. मीही लावला असता.

मग पट्ट्या थापल्या, ओल्यावरच प्रत्येकीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढली. भाजून निघाल्यावर जुराँगची रेघ ९.१ भरली, कलांगची ८.६, आणि वर मिठाची पांढरी साय. आठवडाभराने कलांगच्या पट्टीवरून टिकलीएवढ्या खपल्या उडू लागल्या. प्रत्येक खळग्यात एक पांढरा ठिपका. त्या मातीत शिंपल्यांचा चुरा होता. भट्टीत त्याचा चुना झाला, आणि इथल्या दमट हवेतलं पाणी पिऊन तो आतल्या आत फुगला. मुलं त्या खळग्यांतून कितीतरी वेळ बोट फिरवत होती. एवढ्या शांतपणे त्यांना काही बघताना मी पाहिलं नव्हतं.

जुराँगची माती गाळली आणि महिनाभर ओल्या फडक्यात मुरवली, तेव्हा वळू लागली. जुराँगकडेच, जालान बहारला, थाव क्वांग या कुंभारकामाच्या कारखान्याची १९४० ची ड्रॅगन भट्टी अजून उभी आहे, उतारावर पसरलेली, लांबलचक, विटांची. त्या भागातल्या भट्ट्यांत रबराच्या मळ्यांसाठी चीक धरायच्या वाट्या भाजल्या जात, तिथल्याच मातीच्या. आम्हीही वाट्याच केल्या.

स्वतःची वाटी हातात फिरवत ती मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्या ब्लॉकखाली कुठली माती असेल?"

ती बेडोकला राहते. तिकडची बादली अजून मिळायची आहे.