रात्रीची लाईट

आळेफाट्याच्या चौकात उजेडाला तोटा नाही. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता इथे एकमेकांना छेदून जातात. संध्याकाळी सातला एसटीची वाट बघणारी माणसं, मिसळीची दुकानं, कांद्याचे ट्रक, पेट्रोलपंपाचे पांढरेफटक दिवे असा सगळा चौक जागा होता. आम्ही बाराजण तिथून ओतूरच्या अंगाला वळलो, तेव्हा गाडीच्या मागच्या काचेत तो उजेड कितीतरी वेळ दिसत राहिला. आम्हाला अंधार हवा होता, आणि त्यासाठी पैसे भरून, अमावास्या बघून आम्ही आलो होतो. नुकतीच महाशिवरात्र झाली होती. माघातली थंडी अजून हटली नव्हती.

मी ठाण्यात वाढले. सत्तावीस नक्षत्रांची नावं मला लहानपणापासून पाठ आहेत. आजीनं अश्विनी, भरणी, कृत्तिका अशी ती पाढ्यासारखी म्हणून घेतली होती. पण त्यातलं एकही नक्षत्र मला आकाशात बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. नाव येतं आणि तोंडओळख नाही, अशा नातेवाइकांसारखं ते होतं. पन्नाशी ओलांडल्यावर ही गोष्ट टोचू लागली. कॅमेरा घरात होता. म्हणून नवशिक्यांसाठीच्या या एका रात्रीच्या कार्यशाळेला मी नाव दिलं.

जागा म्हणजे एका शेतकऱ्याचा माळ. मधे वस्ती, एका बाजूला कांदा, पश्चिमेला उसाची भिंत. मालकांना सगळे तात्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागले. वय साठीच्या पुढचं, डोक्याला मफलर. शिकवणाऱ्या तरुणानं सुरुवातीलाच नियम सांगितले. फक्त लाल बॅटरी वापरायची. मोबाइल खिशात ठेवायचा. आणि उसाच्या बाजूला एकट्यानं जायचं नाही. पहिले दोन नियम आकाशासाठी होते, तिसरा बिबट्यासाठी. जुन्नरच्या उसात बिबट्या जन्मतो, वाढतो, पिल्लं घालतो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, इतका तो इथल्या संसारातला झाला आहे. तात्या तेवढंच म्हणाले, "ताई, बसून काम करू नका कडंला. उभं ऱ्हायचं."

मग दिवे घालवले आणि आम्ही थांबलो. काहीच करायचं नव्हतं. अंधारात डोळा तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दिवसा रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे सरतात, दंडपेशी हळूहळू कामाला लागतात, आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी मेहनत क्षणात पुसून टाकतो. लाल उजेडाला मात्र या दंडपेशी फारशा भुलत नाहीत. हे मी पूर्वी वाचलं होतं, पण अंगानं अनुभवलं ते त्या माळावर. पहिल्यांदा शंभरेक तारे दिसले. मग त्यांच्या मधल्या काळोखातून आणखी तारे वर आले, भिजत घातलेल्या मटकीला रात्रीतून मोड फुटावेत तसे. शेजारच्याचा चेहरा दिसू लागला. माझे हात दिसू लागले. ताऱ्यांच्या उजेडात आपले हात दिसतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

कॅमेऱ्याचं शिक्षण सुरू झालं आणि माझा पहिला फोटो पूर्ण काळा आला. दुसऱ्यात तारे होते, पण साबुदाण्यासारखे फुगलेले. कारण साधं होतं. लेन्सवर अनंताची खूण असते, आडवा आठ, आणि मी फोकस नेमका त्या खुणेवर नेऊन ठेवला होता. तारे अनंतावरच आहेत, मग चूक कुठे? शिकवणाऱ्यानं शांतपणे सांगितलं की पुष्कळ लेन्समध्ये खरं अनंत त्या खुणेच्या जरा अलीकडे असतं. खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, ताऱ्याला विचारायचं. मग व्याधाचा तारा पडद्यावर दहा पट मोठा करून घेतला आणि फोकसची कडी केसभर मागेपुढे फिरवत बसलो. तारा फुगायचा, आवळायचा, पुन्हा फुगायचा. तो सर्वांत लहान टिंब होतो ती जागा खरी. तिथे कडीला चिकटपट्टी लावली. मला वाटतं, त्या रात्री मी शिकलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

बाकीचं गणित अवघड नाही. ॲपर्चर होईल तितकं उघडं, आयएसओ ३२०० च्या आसपास. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला की लेन्समधली थरथर रोखणारी सोय बंद करायची, आणि बटणाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याला पाचशेचा नियम आहे. पाचशेला लेन्सच्या नाभीय अंतरानं भागायचं. माझी लेन्स १८ मिलिमीटरची, पण कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून ती २७ धरायची. उत्तर येतं साधारण अठरा सेकंद. त्याहून जास्त वेळ उघडं ठेवलं तर तारे टिंब राहत नाहीत, रेघ होतात, कारण आपण ज्या माळावर उभे आहोत तो माळ तासाला पंधरा अंश फिरत असतो. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकवतात. पण आपल्याच कॅमेऱ्यात, आपल्याच हातून तीस सेकंद झाल्यामुळे व्याधाची रेघ झालेली दिसली, तेव्हा मी ट्रायपॉडला घट्ट धरलं होतं, एवढं आठवतं.

आणि रंग! डोळा प्रकाश साठवत नाही. आला तसा क्षणात वापरून टाकतो. कॅमेरा अठरा सेकंद ओंजळ धरून बसतो. म्हणून डोळ्याला करडा दिसणारा मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी आला. तो प्रकाश तेराशेहून अधिक वर्षं चालत आला होता आणि शेवटची अठरा सेकंदं माझ्या ओंजळीत पडला होता.

साडेनऊच्या सुमाराला शिकवणाऱ्यानं आम्हाला दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं. व्याधाच्या खाली, क्षितिजापासून फार उंच नाही असा एक ठळक पांढरा तारा होता. अगस्ती. मग त्यानं सगळ्यांना पाठमोरं वळवलं आणि उत्तरेला ध्रुव दाखवला. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. ध्रुव दोन मुठींना थोडा कमी, एकोणीस अंश, कारण आळेफाट्याचा अक्षांशच तेवढा आहे. अगस्तीही त्या वेळी दोन मुठींना थोडा कमी, अठरा अंश. म्हणजे या माळावर उभं राहिलं की एका बाजूला कधीच न हलणारा ध्रुव आणि दुसऱ्या बाजूला विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला अगस्ती, दोघे जवळजवळ एकाच उंचीवर. दिल्लीतून अगस्ती क्षितिजाच्या बराच जवळ असतो, लंडनहून तो उगवतच नाही. हा समतोल आपल्या मुलखाचा आहे. हे कळल्यावर मला अकारण श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

अगस्तीच्या खाली, दक्षिणेच्या त्या काळोखात, खोडद होतं. तिथली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधोमध दाटीनं, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. पोलादी तारांची जाळी ताणून तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या. तिकडे आंबेगावात गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे, पण तिला आमच्यासारखाच अंधार लागतो. खोडदला अंधार लागत नाही, शांतता लागते. रेडिओ लहरींची शांतता. डोंगरांच्या आडोशाला असलेला हा भाग म्हणून तर निवडला. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की तिथे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर ऐकू आली. नारायणगावचे टोमॅटो, आळ्याचा कांदा, आणि ही लहर, एकाच तालुक्यातलं हे पीक आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे पोरांची झुंबड उडते.

जेवणानंतर तात्या खुर्ची घेऊन आमच्यात येऊन बसले. कोणीतरी त्यांना पडद्यावर मृग दाखवला. ते म्हणाले, "हे तिकांडं." मृगाच्या पोटातला तो तीन ताऱ्यांचा बाण. त्यांचे वडील रात्री पाण्याची दारं धरताना तिकांड्यावर वेळ बघत. ते बरोबर पूर्वेला उगवतं आणि बरोबर पश्चिमेला बुडतं, म्हणून घड्याळ म्हणून त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवून नेणारे तीन चोर. बाजेचे चार खूर आणि चोर त्यांनी काठीनं एकेक करून दाखवले. मी पाठ केलेली सगळी नावं संस्कृत होती. त्यांच्याकडे नावं थोडीच होती, पण प्रत्येकीला आकाशात जागा होती.

मी विचारलं, मग जूनमध्ये मृग लागतो तेव्हा तुम्ही हेच बघता का? ते हसले. "तवा कुठलं दिसतंय?"

मी गप्पच झाले. सात-आठ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या घरात शिरतो. तेव्हा मृग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. ज्या नक्षत्राच्या नावानं अख्खा महाराष्ट्र आभाळाकडे डोळे लावतो, ते नक्षत्र त्या दिवसांत कोणालाही दिसत नाही. पंचांगात त्याचं वाहन कोल्हा की बेडूक यावर चर्चा होते, बियाणं घरात येतं, पण ते स्वतः उजेडामागे दडलेलं असतं. रोहिणीचं तेच, आर्द्रेचंही तेच. पावसाची नक्षत्रं थंडीत बघून ठेवायची आणि पावसाळ्यात विश्वासानं त्यांचं नाव घ्यायचं. कोणीतरी, कधीतरी, रात्रीमागून रात्री जागून हे बसवलं असणार. सूर्यामागचे तारे न दिसता ओळखायचे, तर संधिप्रकाशात शेवटचं काय बुडालं आणि पहाटे पहिलं काय उगवलं, हे वर्षानुवर्षं बघावं लागतं. आजी मला पाढे म्हणायला लावत होती, तो त्या जागरणांचा हिशेब होता.

अकराच्या पुढे तात्या उठले. त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाईट होती. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. उसाला पाणी द्यायचं तर रात्रीच मोटर चालू करायची आणि रात्रीच बांधावर जायचं. याच उसात, जिथे आम्हाला एकट्यानं जायला बंदी होती. या भागातले शेतकरी दिवसाची लाईट मागत आले आहेत ते यासाठी.

मी कॅमेरा पश्चिमेला वळवला होता. तिकांडं माळशेजच्या डोंगरांकडे झुकू लागलं होतं, खाली उसाची काळी कड. चौकाचा उजेड पाठीमागे पूर्वेला राहिला होता, त्यामुळे आकाशाची ही बाजू सर्वांत स्वच्छ. फोकस बरोबर, चौकट बरोबर. बटण दाबलं आणि दुरून हरिपाठ ऐकू आला. मोबाइलवर मोठ्यानं लावलेला. बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून इथे रात्री असं काहीतरी वाजवत चालतात. आणि त्या आवाजाबरोबर उसाच्या कडेनं पांढऱ्या बॅटरीचा झोत निघाला.

शेजारचा मुलगा हळहळला. मीही. रात्रभरातली पहिली नीट जमलेली चौकट, आणि तिच्यात पांढरा उजेड. शटर मिटेपर्यंत काही करता येत नव्हतं. अठरा सेकंदांत माणूस बांधावरून वीसेक पावलं चालतो. पडद्यावर चित्र उमटलं. वर मृग, व्याध, खाली उतरत चाललेली रोहिणी, सगळे टिंबासारखे नेमके. आणि खाली, उसाच्या पायाशी, डावीकडून उजवीकडे गेलेली एक उजेडाची रेघ. सरळ नव्हती. प्रत्येक पावलाला ती थोडी वर उठून खाली आली होती. एका जागी ठिपका जाड होता. तिथे ते थांबले होते. काही हललं म्हणून थांबले असतील, किंवा पाण्याचं दार बघायला.

माझं बोट पुसायच्या बटणावर होतं. मी ते काढून घेतलं.

अडीचला तिकांडं मावळलं. लेन्सवर दव धरू लागलं, तेव्हा तिच्याभोवती गरम पिशव्या बांधल्या. काहीजण गाडीत झोपले. साडेचारनंतर आग्नेयेला ज्येष्ठेचा तांबूस तारा चांगला वर आला होता, मागोमाग वृश्चिकाची नांगी आणि तिच्या शेजारून आकाशगंगेचा गाभा. शहरात हिला धूर समजून कोणी वर बघितलंही नसतं. तिथून सव्वीस हजार वर्षं प्रवास करून प्रकाश इथे पोचतो. त्याच बाजूला, फाट्यापासून फार दूर नाही, कुकडीकाठचं बोरी आहे. तिथल्या मातीत सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडली, आदिमानवाच्या दगडी हत्यारांच्या सोबतीनं. राखेच्या वयावर वाद आहे, पण कमीत कमी धरलं तरी ते चौऱ्याहत्तर हजार वर्षांच्या आसपास जातं. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा ती राख कुकडीच्या काठी निजून कितीतरी काळ लोटला होता. मी त्या दिशेनं बारा फोटो काढले. एकही मनासारखा नाही. मी जास्त वेळ नुसती बघत होते.

उजाडताना तात्या परतले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्यांच्या घरातून चहा आला. मी त्यांना तो फोटो दाखवला आणि ती रेघ तुमची, असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला. जाड ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितं साप आडवा गेला," म्हणाले.

घरी आल्यावर मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि एक प्रत आळेफाट्याच्या एसटीनं त्यांच्याकडे पोचवली. मग मार्च गेला, एप्रिल गेला. ठाण्यातून आकाशात दिसायचे ते दहा-बारा तारे दिसत राहिले, पण आता मी त्यांना नावानं ओळखत होते. मे संपेपर्यंत मृग संध्याकाळच्या तांबड्या आभाळात बुडून दिसेनासा झाला.

जूनच्या आठ तारखेला तात्यांचा फोन आला. पहिल्यांदाच आलेला. "ताई, मृग लागला." पाऊस आहे का, मी विचारलं. नव्हता. आभाळ आलंय, वारंही फिरलंय, म्हणाले. फोटो दाराजवळ लावलाय, येणारा-जाणारा विचारतो. आता रात्रीची लाईट आहे का, मी विचारलं. "हाय की. याच आठवड्याला."

मग मागून कोणीतरी त्यांना हाक मारली, मोटरचं काहीतरी होतं, आणि ते फोन तसाच चालू ठेवून बाहेर गेले. दूर जाणारी पावलं मी बराच वेळ ऐकत होते.