दहावा माणूस

आमचे बालपण लोणावळ्यात गेले. बाजारामागच्या आळीत आमच्या घराला लागूनच एक बैठे, कौलारू घर होते. त्याच्या दाराच्या उजव्या चौकटीवर एक लहानशी नळी तिरकी बसविलेली असे. घरातील माणसे आत-बाहेर जाताना तिला बोटे लावीत आणि ती बोटे ओठांशी नेत. त्या नळीत त्यांच्या धर्मग्रंथातील वचने लिहिलेली असतात, हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळले. त्या घरातील वृद्ध बाईंना सारी आळी ‘आजी’ म्हणे. त्यांचे यजमान रेल्वेत नोकरीस होते. ते वारल्यावरही आजी लोणावळ्यातच राहिल्या. त्यांचा नातू माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसत असे.

आजी नऊवारी लुगडे नेसत, आमच्यासारखेच मराठी बोलत आणि आईला वालाचे बिरडे सोलू लागत. त्यामुळे त्या ज्यू आहेत म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाच नाही. एकदा कोणाकडून तरी ऐकून मी त्यांना विचारले, “आजी, तुम्ही परदेशातून केव्हा आलात?”

आजी हसल्या. “अरे, आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज फार प्राचीन काळी गलबतातून येत होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कोकणच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. मग त्यांनी गावोगावी तेलाचे घाणे घातले. शनिवार हा आमचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक आम्हांला शनिवार तेली म्हणू लागले. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते केहिमकर. आता सांग, ही नावे परदेशातली का?”

मी निरुत्तर झालो.

आजींच्या घरी वर्षभर सण चालत. त्यांना हिब्रू नावे होतीच. पण आजी त्यांची मराठी नावेच घेत. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’, त्याच्या पाठोपाठ ‘खिरीचा सण’. मग येई ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी घरातील मोठी माणसे पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर प्रार्थना करीत आणि वर्षभरातील चुकांबद्दल देवाची क्षमा मागत. जेरुसलेमचे प्राचीन मंदिर नष्ट झाले, त्या शोकाच्या उपवासाला जोडून ‘बिरड्याचा सण’ असे. मांसाबरोबर दूध त्यांना वर्ज्य, म्हणून बराच स्वयंपाक नारळाच्या रसात होई. सणाच्या दिवशी आजींकडून झाकलेले ताट आमच्याकडे येई आणि दिवाळीत आमचे ताट तिकडे जाई.

या सर्वांत मला आवडे तो ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’. त्यांच्या शबाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी तो येतो. त्यांचे महिने चंद्रावर चालतात. म्हणून त्यांचा पंधरावा दिवस म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. पौष किंवा माघ महिन्याची कडाक्याची थंडी पडलेली असे. त्या दिवशी आजी ‘मलिदा’ करीत. भिजविलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि सुका मेवा घालून मोठ्या परातीत त्याची रास करीत. सभोवती फळे मांडीत. एलियाहू हा त्यांचा महान संदेष्टा. त्याच्या नावाने प्रार्थना झाली, की आळीतील सर्वांना मलिदा मिळे. त्या दिवशी आजींचे दार कोणालाच बंद नसे.

मी बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. उरुसाच्या दिवशी दुपारपासूनच आजींकडे पाहुणे येऊ लागले. काही पुण्याहून आले, काही कल्याणहून. आजी पुन्हा पुन्हा माणसे मोजत होत्या. मी मित्राला कारण विचारले.

तो म्हणाला, “आमची सामुदायिक प्रार्थना पूर्ण व्हायला दहा पुरुष लागतात. आठ मोठी माणसे आहेत आणि नववा मी!”

“तू कसला पुरुष?” मी हसून म्हटले.

“मला तेरावे संपले. आमच्यात तेरा पूर्ण झाली, की मुलगा मोठ्यांत धरतात,” तो छाती पुढे काढून म्हणाला.

कालपर्यंत माझ्याबरोबर चिंचा पाडणारा हा मुलगा आज एकदम मोठा झाला, याचा मला हेवा वाटला. मी तडक आजींकडे गेलो आणि म्हणालो, “आजी, मलाही एखादे मोठ्या माणसाचे काम सांगा.”

आजींनी क्षणभर विचार केला. “सांगते. संध्याकाळी खंडाळ्याचे आजोबा यायचे आहेत. तेच आमचे दहावे. त्यांना घर ठाऊक नाही. त्यांना नीट घेऊन ये. पुण्याच्या मंडळींना रात्रीची गाडी गाठायची आहे, तेव्हा उशीर करू नकोस.”

खंडाळा म्हणजे आमचे शेजारचेच गाव! घाटाच्या माथ्यावरचे, जेमतेम अडीच-तीन मैलांवरचे. तेवढ्यासाठी गाडीत कोण बसणार? मी कोणाला काही न विचारता खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सूर्य मावळला. गार वारा सुटला. दोन बैलगाड्या गेल्या, गुराखी गेले. पण आजोबा काही आले नाहीत. पूर्वेकडे मोठा वाटोळा चंद्र वर आला. माझे दात थंडीने वाजू लागले. ‘आजोबाच वेळ चुकले, आपण आपले काम चोख केले,’ असे मी मनाला बजावीत होतो.

तेवढ्यात मित्र धापा टाकीत आला. “अरे, तू इथे काय करतोस? मुंबईची गाडी येऊन अर्धा तास झाला!”

“खंडाळ्याहून गाडीने कशाला येतील?”

“हे खंडाळे नव्हे रे! अलिबागजवळचे खंडाळे!”

माझ्या पायांखालची जमीन सरकली. आम्ही दोघे स्टेशनाकडे धावत सुटलो. फलाट जवळजवळ रिकामा होता. कडेच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ काळा कोट आणि टोपी घालून, मांडीवर गाठोडे घेऊन शांतपणे बसले होते. भल्या पहाटे घर सोडून, रेवसच्या लाँचीने मुंबई गाठून, मग घाट चढून ते आले होते. मी रडवेला होऊन त्यांना सारे सांगितले. मला वाटले, आता ते रागावतील.

ते म्हणाले, “दोन गावांचे नाव एकच, यात तुझा काय दोष? मात्र न विचारता निघालास, तो दोष तुझा.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालू लागले.

वाटेत त्यांनी मला आपल्या खंडाळ्याची हकीकत सांगितली. तेथे एक मोठा खडक आहे. एलियाहू संदेष्टा अग्निरथातून स्वर्गाला जाताना त्याच्या रथाची खूण त्या खडकावर उमटली, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. नवस बोलायला आणि फेडायला ते तेथे जातात.

घराशी पोहोचलो तेव्हा सारी मंडळी दारात उभी होती. मी मान खाली घातली. आजी एवढेच म्हणाल्या, “आला ना आमचा दहावा! आत ये बाळ. डोक्यावर टोपी घाल आणि बैस.”

दहा जण उभे राहिले. हिब्रू प्रार्थनेचा एक शब्दही मला कळत नव्हता. परंतु आपल्या चुकीमुळे हा स्वर आज उमटलाच नसता, या जाणिवेने मी अंग चोरून बसलो होतो. मलिदा वाटून झाला. मग त्या आजोबांनी गाठोड्यातून झांजा काढल्या आणि भावांनी विकलेल्या योसेफाचे आख्यान लावले. ते मात्र शुद्ध मराठीत! बेने इस्राएलांनी 1880 च्या सुमारास मुंबईत अशी कीर्तने सुरू केली होती. आपल्या धर्मग्रंथातील कथा त्यांनी आपल्या मायबोलीत, ओव्या आणि साक्यांच्या चालींवर गायिल्या. योसेफाने भावांना क्षमा केली, तो प्रसंग आला तेव्हा आळीतील सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आजी तर हुंदके देत होत्या.

त्याचे कारण मला दुसऱ्या दिवशी समजले. आजींच्या घरातील तो शेवटचा मलिदा होता. चैत्रात ते कुटुंब इस्राएलला जाणार होते. 1948 मध्ये तो देश स्थापन झाल्यापासून बेने इस्राएलांची कितीतरी घरे अशी निघून गेली होती. निघताना आजींनी दाराच्या चौकटीवरील नळीला बोटे लावली, मग वाकून उंबऱ्याची माती कपाळाला लावली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे लोटली. आता भारतात सारे मिळून काही हजारच ज्यू उरले आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. मित्राची पत्रे मला येत असत, ती मराठीत. तेथील मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालविले.

मी पुढे अलिबागेस गेलो. इस्रायल आळीतून हिंडलो आणि त्या दुसऱ्या खंडाळ्यालाही जाऊन आलो. खडकापाशी उभा राहिलो, तेव्हा रथाच्या खुणेपेक्षा मला स्टेशनावरचा तो बाक अधिक स्पष्ट दिसला. नऊ माणसे असली तरी दहाव्यावाचून त्यांची प्रार्थना अडते. लहान समाजात प्रत्येक माणूस मोजावा लागतो, तो असा. मी त्या दहांतला नव्हतो आणि होऊही शकत नव्हतो. पण दहावा माणूस वाट चुकून फलाटावर बसून राहिला, तर त्याला हात धरून घरापर्यंत आणणे, हे काम शेजाऱ्याचे असते. ते आजींनी विश्वासाने माझ्यावर सोपविले होते.